तालमीत मिटलेला तंटा

माझे पती गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मला सरकारी कचेरीतून एक पत्र आलं. गावातले तंटे गावातच मिटवावेत अशी मोहीम तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. प्रत्येक गावात एक समिती नेमलेली होती, आणि ज्या गावांनी चांगलं काम केलं असेल त्यांचा सत्कार व्हायचा होता. त्याआधी बाहेरच्या माणसांनी जाऊन पाहणी करायची, गुण द्यायचे. एक निवृत्त अधिकारी आणि एक प्राध्यापक अशा जोड्या केल्या होत्या. मी कोल्हापुरात एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते. माझं नाव आमच्या प्राचार्यांनी दिलं होतं. का दिलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या काळात मी घरातून कॉलेजात, कॉलेजातून ग्रंथालयात आणि ग्रंथालयातून घरी, एवढंच जात होते. बहुधा त्यांना ते दिसलं असावं.

ग्रंथालयात बसण्याला एक कारण होतं. घरी भेटायला येणारी माणसं मला सोसत नव्हती. ती वाईट नव्हती. पण येऊन बसली, पाणी प्यायली, की विचारायची, "तपासणी करून घेतली नव्हती का कधी?" किंवा, "सिगारेट होती का त्यांना?" एक बाई म्हणाल्या, "तुम्ही घरी नव्हता म्हणे?" मी नव्हते. गुरुवारची दुपार होती, ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि मी ग्रंथालयात होते. येणारा प्रत्येक जण कुठेतरी एक चूक शोधत असायचा, शक्यतो गेलेल्या माणसाची. ती सापडली की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा आणि तो चहा प्यायचा. मीसुद्धा दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच केलं असणार. तेव्हा ते कळलं नव्हतं, इतकंच.

पत्र आल्यावर मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचून काढलं. पुस्तकात त्याला पुनर्स्थापनात्मक न्याय असं जड नाव होतं. कल्पना मात्र साधी होती. कुणी कुणाचं नुकसान केलं, तर कायदा कुठला मोडला एवढंच विचारू नये. कुणाला इजा झाली, त्याला काय हवं आहे, आणि ते कुणी द्यायचं, हे विचारावं. ज्याला लागलं आणि ज्यानं लावलं त्या दोघांनी समोरासमोर बसावं. वाचताना मला वाटलं, यात नवीन काय? आपली गावं हेच तर करत आली आहेत. इतक्या सहज मी ते मान्य करून टाकलं होतं.

पाहणीचा फॉर्म चार पानांचा होता. नोंदवलेले तंटे किती, मिटलेले किती, गावात फलक लावला आहे का, समितीच्या बैठकांचे फोटो आहेत का. मिटलेल्या तंट्याच्या माणसांना कसं वाटतं, असा रकाना त्यात नव्हता. तेव्हा मलाही त्यात काही खटकलं नाही.

माझ्याबरोबर जे अधिकारी होते ते मामलेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही म्हणू लागले. कमी बोलणारे, डबा घरून आणणारे, प्रत्येक गावात वेळेवर पोचणारे गृहस्थ. आम्ही शाहूवाडीकडची गावं घेतली होती. भाताची सुगी संपत आली होती. जीप मलकापूरच्या पुढे वळली की दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं आणि त्यात चरणारी जनावरं दिसायची.

त्यातल्या एका गावात आमचं स्वागत तालमीत ठेवलं होतं. समितीचे अध्यक्ष तालमीचे वस्ताद होते. साठीचे, मान जाड, दोन्ही कान मोडलेले, आवाज मैदानातला. मी उतरले तशी त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं जीपमध्ये पाहिलं.

"प्राध्यापक मागनं येत्यात काय?"

"ह्याच प्राध्यापक," साहेब म्हणाले.

"आँ? बाई हायत?"

पत्रात माझ्या नावाची फक्त आद्याक्षरं होती. मागं उभ्या असलेल्या माणसांत कुजबूज झाली. एक जण हातात गुलाबी फेटा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "वस्ताद, मग ह्यो फेटा कुणाला बांधायचा?"

"तुझ्या बाला बांध," वस्ताद त्याच्याकडं न बघताच म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले हे हसताना लक्षात आलं.

मग खरी अडचण आली. तालमीत बायका जात नाहीत. आत मारुतीची तसबीर आहे, तांबडी माती आहे, ती हळद, ताक, तेल घालून मळलेली असते. तिथं बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. वस्ताद ओशाळले होते. "बाई, राग मानू नका. आमच्या आया-बहिणी बी हितंच थांबत्यात." शाळेतून एक खुर्ची आणवली आणि ती तालमीच्या उंबऱ्याबाहेर, दारासमोर मांडली. साहेब आत जाऊन गादीवर बसले. मी बाहेर बसून आतली भाषणं ऐकली. नारळ मला दारातून दिला, समितीची नोंदवहीही दारातूनच दिली.

वही नीट ठेवलेली होती. एका पानावर एक तंटा. बांधाचा, गटारीचा, गोठ्याच्या सांडपाण्याचा, शिवीगाळीचा. वर दोन्ही बाजूंची नावं, मधे हकिगत, खाली सह्या आणि शिक्का. बसल्या बसल्या मी पानं उलटत होते. काही पानांवर वर बाईचं नाव होतं आणि खाली सही पुरुषाची. असं एक पान पाहिलं, मग दुसरं, मग पाचवं. बाईची सही कुठंच नव्हती.

"वस्ताद," मी दारातून विचारलं, "या बाई बैठकीला कुठं बसल्या होत्या?"

"कुठल्या बाई?"

"जिचं नाव वर आहे ती."

"ती कशाला बसंल? तिचा दीर हुता की."

"आणि या पानावरची?"

"तिचा भाऊ आलता."

"आणि ही?"

"तिच्याकडनं... कोण रं हुता?"

"जावई हुता वस्ताद. इचलकरंजीस्नं आलता," आतून कुणी तरी सांगितलं.

"हां, जावई."

"म्हणजे सगळ्या बैठका इथंच झाल्या?"

"मग कुठं? देवळाचं काम चालू हाय. दुसरी जागा न्हाय गावात."

"शाळा?"

मग फेटेवाला म्हणाला, "शाळंत कोण तंटा मिटवतंय व्हय? मास्तर छड्या मारंल." पुन्हा हशा झाला. वस्ताद मात्र हसले नाहीत. ते माझ्या खुर्चीकडं बघत होते.

यात कुणाचा कावा नव्हता, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. बायकांना वगळायचं असं कुणीही ठरवलं नव्हतं. गावाला मान असलेली एकच जागा होती आणि त्या जागेचा एक जुना नियम होता. न्याय तिथं नेऊन ठेवल्यावर त्याच्याबरोबर काय काय बाहेर राहील, याचा हिशोब कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

मी एका पानावर बोट ठेवलं. शिवीगाळ व धक्काबुक्की, उभय पक्षांनी समजुतीने मिटवले. वर एका बाईचं नाव होतं. मी म्हटलं, मला या बाईंना भेटायचं आहे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, अजून दोन गावं आहेत." मी म्हटलं, अर्ध्या तासात येते.

वस्ताद मला तिच्या घरापर्यंत घेऊन गेले आणि मी सांगितलं म्हणून लांब, रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. ती अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. चाळिशीच्या आतली असावी. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही.

"सगळं मिटलंय म्हणून लिवा."

"मिटलंय का?"

"लिवलंय न्हवं वहीत."

मी पायरीवर बसले. तिनं माझ्याकडं, माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं. "मालक?"

"गेले. दीड वर्ष झालं."

"कशानं?"

"हृदय बंद पडलं. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या."

"सकाळी काय खाल्लं हुतं त्यानी?"

दीड वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, भाकरी आणि वांग्याची भाजी. भाजी तिखट झाली म्हणाले आणि तरी पुन्हा वाढून घेतली. ती एकदम हसली. "गडी असंच असत्यात की." मग सूप खाली ठेवून तिनं तिचं सांगितलं.

दोन घरांत मिळून एक विहीर होती. तिचं घर आणि भावकीतलं शेजारचं घर. विहिरीत पाण्यातली मोटर होती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोटरीत शेवाळ अडकलं. ते काढायला तिचा नवरा विहिरीत उतरला, शेजारी वर होता. मोटरीला ऑटो लावलेला होता, म्हणजे गेलेली लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. लोडशेडिंगचे दिवस, लाइटीची वेळ सांभाळत कोण जागंवर बसणार, म्हणून तिकडं सगळ्यांनीच असे ऑटो लावले होते. नवरा पाण्यात असताना लाइट आली. कुठंतरी केबल खराब झालेली होती. पाण्यात करंट उतरला.

पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली. गावात मात्र दुसरंच पसरलं. तिचा नवरा आधी दारू पीत असे. दोन वर्षांपूर्वी त्यानं ती सोडली होती. लोक म्हणू लागले, पिऊन उतरला असणार, शुद्धीवरचा माणूस लाइटीचं बघितल्याशिवाय उतरतो का?

"सोडली हुती त्यानी," ती म्हणाली. "दोन वरसं. किती तरास झाला सोडताना ते मी बघितलंय. आन् मेल्यावर पुन्हा पाजली गावानं."

शेजारी काहीच बोलला नाही. तो मातीला आला, मान खाली घालून उभा राहिला आणि गेला. तेराव्यानंतर ती त्याच्या दारात गेली आणि तिनं त्याला तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. त्याच्या बायकोनं तिला ढकललं. दोन्हीकडून तक्रारी झाल्या. वहीत होता तो हा तंटा.

"माझ्या शिव्या मिटवल्या त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या माणसाचं काय? दीर तालमीतनं आला. म्हणाला, मिटलं, इहिरीच्या पाळ्या बी ठरल्या, ही साखर घे. मी ती साखर मुंग्यांस्नी घातली."

"तुम्हाला काय हवं होतं?"

"त्यानी गावाम्होरं म्हणावं, ह्यो प्याला नव्हता म्हणून. त्यो हुता तिथं, त्याला ठावं हाय. दुसरं काय न्हाय. बास."

मी माझ्या टिपणवहीत काही लिहायला घेतलं तशी तिनं माझा हात धरला. "मार्क कापू नका बाई. माझ्यापायी गावाचं बक्षीस गेलं म्हणतील. मग मला पाण्याला जायची बी चोरी." मी पेन बंद केलं. पाहणी करणाऱ्याच्या हातूनही इजा होऊ शकते, हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. ते मला तिनं सांगितलं.

जीपमध्ये मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत. मिटलेला आणि प्रलंबित. हा मिटलेला आहे."

"तिला विचारलंच नाही, साहेब."

"बाई, मी तीस वर्षं जमिनीचे तंटे पाहिले. सगळ्यांना विचारत बसलो असतो तर एक मिटला नसता."

"मग हा तरी कुठं मिटलाय?"

बांबवड्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, पुन्हा भेट आवश्यक. "कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "बसण्याच्या जागेची पाहणी."

ते माझ्याकडं पाहून हसले. कारण खरं होतं, आणि त्यात कुणाचं नाव येत नव्हतं.

आठवड्याभरानं, शेऱ्याची बातमी गावात पोचल्यावर, वस्ताद माझ्या घरी आले. पेंड घ्यायला कोल्हापूरला आलतो म्हणाले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि सरळ विषयाला हात घातला. "जागंत काय वाईट दिसलं तुमास्नी?"

"जागेत वाईट काही नाही. पण बाहेर बसल्यावर आतलं फार कमी दिसतं."

ते टेबलावरच्या पुस्तकांच्या चळतीकडं बघत होते. मग म्हणाले, "त्या पोरीचंच म्हणताय न्हवं? ज्याचं माणूस इहिरीत गेलं?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वस्तादांनी गुडघ्यावर थाप मारली. "आयला. कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून मी सांगून मोकळा झालो, आन् एक पैलवान मैदानात आलाच नव्हता." मग जीभ चावून, "माफ करा, तोंडातनं गेलं."

दोघांना बोलावतो, ते म्हणाले. मी म्हटलं, बोलावू नका, विचारा. दोघांना वेगवेगळं विचारा. एकानं जरी नको म्हटलं तर तिथंच सोडून द्या. फोटोवाला आणू नका. आणि तिला कुणी समजूत घालू नका.

"मग आमी करायचं काय तिथं?"

"ऐकायचं."

"अवघड हाय," वस्ताद म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

ते गेल्यावर मला धास्ती वाटू लागली. मी हे कधी केलेलं नव्हतं. चार पुस्तकं वाचली होती. शेजारी आला आणि म्हणाला, होय, प्यालाच होता, तर? तिच्या हातात जे थोडं उरलं होतं तेही जाईल, आणि ते माझ्यामुळं जाईल. वस्तादांना पत्र लिहून थांबवावं असं दोनदा मनात आलं. नंतर वाटलं, हे थांबवणारी मी कोण? थांबवायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.

दोघंही यायला तयार झाले. एका रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसायचं ठरलं. साहेबही आले, सुट्टीचा दिवस असून. मुलांचे बाक बुटके होते, वस्तादांचे गुडघे छातीला लागत होते. समितीची पाच-सहा माणसं, तिचा दीर, आणि व्हरांड्याच्या कडेला, कुणी न बोलावता आलेल्या आठ-दहा बायका. ती बाकावर बसली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि हात मांडीवर ठेवले.

शेजारी आला तो टोपी हातात घेऊन. तो बसायच्या आधी साहेब त्याला म्हणाले, "हे बघा, इथं तुम्ही जे बोलाल त्याचं बाहेर काय होईल, याची हमी मी देऊ शकत नाही. न बोलता गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही."

"ठावं हाय सायब. घरातली नकोच म्हणत्यात. म्हणून तर इतकं दिस..." त्यानं वाक्य अर्धवट सोडलं आणि तो बसला.

एका समितीवाल्यानं घसा खाकरून "झालं ते झालं" असं म्हणायला घेतलं, तशी वस्तादांनी त्याच्या मांडीवर हात दाबला. मग तीच बोलली.

"त्या दिशी त्यानी पेलती का?"

"न्हाय."

"मोठ्यानं सांग. त्या बायकास्नी ऐकू जाऊ दे."

"न्हाय वैनी. पेली नव्हती. थेंब बी न्हाय."

व्हरांड्याच्या कडेला बांगड्या वाजल्या, बास. मला वाटलं, झालं. तिला हवं होतं ते मिळालं. पण तो टोपी फिरवत तसाच बसून होता, आणि ती त्याच्याकडं बघत होती.

"फ्यूज कोण काढणार हुतं?" तिनं विचारलं.

"मी."

"काढला हुतास?"

तो टोपीकडं बघत बोलू लागला. फ्यूजची पेटी लांब, त्याच्या शेतातल्या खोपटात होती. सकाळची वेळ होती; आधीच्या आठवड्यात लाइट दुपारनंतर येत होती, म्हणून आता येत नाही असं धरून तो चालला होता. पण तो सोमवार होता आणि सोमवारपासून वेळापत्रक बदललं होतं. ते त्याच्या ध्यानात नव्हतं. खोपटापर्यंत गेलाच नाही. वाटेवरनंच ओरडून सांगितलं.

"काय सांगितलंस?"

"फ्यूज काढलाय, उतर."

"त्यानी इचारलं हुतं?"

"इचारलं. दोनदा इचारलं, वैनी."

दीर उठून उभा राहिला, तसाच पुन्हा खाली बसला. शेजारी म्हणत होता, दारूचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, लोकच म्हणाय लागली, आणि मी म्हणू दिलं. "मला ते बरं वाटलं, वैनी."

ती रडली नाही. "दोनदा इचारलं," असं ती एकदा स्वतःशी म्हणाली. मग समितीच्या एकेका माणसाकडं तिनं पाहिलं, सावकाश, कुणी सुटू नये असं. वस्तादांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडं गेला. साखरेची पुडी त्यांनी आणली होतीच. तो हात तिथंच थांबला आणि रिकामाच बाहेर आला.

"मिटलं म्हणून लिवू नका," ती उठत म्हणाली. "ह्यानं काय सांगितलं तेवढंच लिवा. सगळं लिवा. येतो मी, म्हशीला पाणी दाखवायचंय."

ती गेली. बायका तिच्या मागोमाग गेल्या. शेजारी बसून राहिला. शेवटी वस्ताद त्याच्या शेजारी जाऊन बसले.

साहेबांनी परतताना फॉर्म काढला. मिटलेला आणि प्रलंबित या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर त्यांनी बारीक अक्षरात काही लिहिलं आणि मला दाखवलं नाही. त्या वर्षी सत्काराच्या यादीत ते गाव नव्हतं. त्याचं कारण हेच होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही. वस्तादांनी फोन केला. "गेलं बगा आमचं बक्षीस तुमच्यापायी." मी काही म्हणायच्या आत पुढं म्हणाले, "बैठका आता शाळंतच हुत्यात. बायका लई बोलत्यात बाई. एकेक तंटा दोन-दोन तास चालतोय. माझं गुडघं गेलं त्या बाकावर." फोन ठेवताना त्यांनी सांगितलं, की तिच्या पानावर जागा पुरली नाही म्हणून एक जादा कागद चिकटवला आहे, आणि खाली तिची सही आहे.

पाहणीच्या शेवटी मी एक टिपण लिहून दिलं. ज्याचा तंटा त्याचीच सही असावी, ही सूचना पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये आली. बैठक कुठं घेतली हे विचारावं, ती अर्धीमुर्धी आली. तंटा मिटल्यावर काही महिन्यांनी परत जाऊन माणसांना भेटावं, असंही मी लिहिलं होतं. त्यावर कुणीतरी शेरा मारला होता, मनुष्यबळाअभावी शक्य नाही. ते खरंही असेल. म्हणून चैत्रात मी माझी मीच गेले, एसटीनं.

ती अंगणातच होती, दारापुढच्या सावलीत मिरच्यांची देठं काढत. तिनं मला पाणी दिलं, गूळ दिला. पाण्याच्या हौदावर आता दारूचा विषय कुणी काढत नाही, म्हणाली. एका म्हातारीनं तर स्वतः येऊन सांगितलं, मीच पयल्यांदा बोललेवते, चुकलं माझं. दिराशी बोलणं आहे. शेजाऱ्याशी नाही.

"कधीच नाही?"

"काय बोलू? त्यानं सांगितलं, मी ऐकलं. माफ करायला मला जमंना झालंय. जमलंच पायजे असं हाय का बाई, तुमच्या पुस्तकात?"

मी म्हटलं, नाही. पुस्तकात काही ठिकाणी तसं होतं, पण मला ते पटेनासं झालं होतं. मीही तिच्याबरोबर देठं काढू लागले. तिनं मला सांगितलं की मिरचीचा हात डोळ्याला लावू नका.

तेवढ्यात विहिरीकडून हाक आली. माणसाचा आवाज, लांबून, सावकाश. "मोटर लावतोय हो!"

तिनं मान वर केली नाही. "ऑटो काढून टाकलाय त्यानं. आता रोज असं वरडतो."

"तुम्ही ओ देता?"

"न्हाय."

हाकेला उत्तर गेलं नाही. थोड्या वेळानं तीच हाक पुन्हा आली, मग बराच वेळ काही नाही. तो तिथं थांबलेला असणार. नंतर मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि अंगणापलीकडच्या पाटातून पाणी यायला लागलं. तिची पाळी होती. ती खोरं घेऊन उठली.